औंढ्याहून विश्वाचं माप

प्रश्न : सर, आमच्याकडं औंढा नागनाथला 'लायगो', म्हणजे गुरुत्वीय लहरी (अवकाशात उठणारे तरंग) टिपणारं यंत्र होतंय. या लहरींवरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग कसा काढतात?
– बारावीची विद्यार्थिनी, वसमत

उत्तर : दीर्घिका किती वेगानं दूर चाललीय, हे तिच्या वर्णपटावरून कळतं. घोडं पेंड खातं ते अंतरापाशी. दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांचे अतिघन गाभे, फिरत फिरत एकमेकांवर आदळतात, तेव्हा लहरींची वारंवारता चढत जाते. ती किती झपाट्यानं चढली, त्यावरून लहर मुळात किती जोरकस होती ते कळतं. पोचली किती क्षीण होऊन, ते यंत्र मोजतं. झालं, अंतर थेट हाती! वेगाला त्या अंतरानं भागलं, की प्रसरणाचा वेग.

१७ ऑगस्ट २०१७ ला अशी टक्कर टिपली गेली, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी ४९९३ दीर्घिकेत. उत्तर आलं : दर मेगापार्सेकला (म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागं) सेकंदाला ७० किलोमीटर. पण ६२ ते ८२ एवढी ढिलाई! इतर पद्धतींतला ६७ की ७३ हा वाद त्यानं कसा मिटणार? मेख अशी, की ताऱ्यांची कक्षा आपल्याकडं किती कललेली आहे यानंही लहरीचा जोर बदलतो. अमेरिकेतली दोन्ही यंत्रं जवळपास एकाच रोखानं बसवलेली, त्यांना तो कल नीट उमगत नाही. औंढ्याच्या यंत्राचे चार-चार किलोमीटरचे बाहू वेगळ्या रोखाचे असतील, म्हणून त्यांची एवढी वाट पाहतायत.