आयसीयूत मामांचे हात ताठ होतात, म्हणजे शुद्ध येतेय का?
भाऊ, मामांना अपघातानंतर भुसावळहून जळगावला हलवलं, चिमटा काढला की हात ताठ होतात आणि घरचे त्यावर खूश आहेत, असं तुम्ही लिहिलंय. पण ही शुद्धीची खूण नाही. कोपर सरळ, हात आतल्या बाजूला पिळून तळवा बाहेर वळलेला, पाय ताणलेले असतील तर मोठ्या मेंदूचा ताबा सुटलाय आणि ब्रेनस्टेमचा (मेंदूला मणक्यातल्या मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठाचा) खालचा भाग एकटाच स्नायू ताणतोय. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेरिंग्टन यांनी १८९८ मध्ये मांजराच्या मध्यमेंदूतून छेद घेतला, तेव्हा पाय खांबासारखे ताठ झाले. श्वास मात्र चालूच. ग्लासगो स्केलवर, म्हणजे रुग्ण किती शुद्धीत आहे ते मोजायच्या मापावर, हालचालीच्या भागात अशा ताठरण्याला ६ पैकी २ गुण, हात कोपरात विचित्र दुमडला तर ३. डॉक्टरांना रोज हाच आकडा विचारा. चिमटे मात्र तुम्ही काढू नका.