‘पथेर पांचाली’तील अपूने पुढे चित्रपटांत काम का केले नाही?

सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ (१९५५) या बंगाली चित्रपटाची एवढी जगभर वाहवा होऊनही त्यात अपू झालेल्या मुलाला नंतर भूमिका का मिळाल्या नाहीत, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते इथे भूमिका मिळण्या-न मिळण्याचा प्रश्न फारसा नव्हताच, कारण सुबीर बॅनर्जी हा मुलगा नट व्हायला निघालेलाच नव्हता.

राय यांनी अपूसाठी पाच ते सात वर्षांचा मुलगा हवा म्हणून वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती. पुष्कळ मुले आली (एका मुलीला तर केस कापून मुलगा म्हणून आणले होते!), पण अपू सापडेना. अखेर राय यांच्या पत्नी विजया यांना शेजारच्या गच्चीवर खेळणारा सुबीर दिसला आणि शोध संपला.

चेहरा हवा तसा मिळाला, अभिनयाचे मात्र वेगळेच होते. ऑक्टोबर १९५२मध्ये, चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी, पांढऱ्या तुऱ्यांच्या उंच गवतात अपू आपल्या थोरल्या बहिणीला, दुर्गेला, शोधत चालतो, एवढाच प्रसंग घ्यायचा होता. पण सुबीर नुसताच सरळ चालत जाई, त्याच्या चालण्यात शोधणे दिसत नसे. तेव्हा राय यांनी त्याच्या वाटेत काटक्या टाकून ठेवल्या, म्हणजे त्या ओलांडताना पाऊल अडखळेल, आणि गवतात निरनिराळ्या ठिकाणी लपलेल्या सहायकांना ठरावीक क्षणी त्याला हाका मारायला सांगितल्या. मुलगा हाकेसरशी मान वळवी, थबके, पुन्हा चालू लागे. आपण ज्याला अपूची व्याकुळता म्हणतो, ती अशी बेतलेली आहे. यात सुबीरला कमी लेखण्याचा हेतू नाही. ते डोळे त्याचेच होते, आणि फाटक्या पांघरुणातून उघडणारा तो पहिला डोळा दुसऱ्या कोणाचा असता तर चित्रपट वेगळा झाला असता. पण या गुणावर चित्रपटांतली कारकीर्द उभी राहत नाही.

शिवाय पैशांअभावी काम रेंगाळत १९५५ उजाडले. पुढच्याच वर्षीच्या ‘अपराजितो’ या पुढील भागामध्ये अपू साधारण दहा वर्षांचा होता आणि ती भूमिका पिनाकी सेनगुप्ता यांनी केली. सुबीर यांनी पुढे सरकारी नोकरी केली.

आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर ‘श्यामची आई’मधले (१९५३) माधव वझे घ्या. तेही पुढे इंग्रजीचे प्राध्यापक झाले, मात्र रंगभूमीशी त्यांचे नाते दिग्दर्शक आणि समीक्षक म्हणून कायम राहिले, कारण ती ओढ त्यांची स्वतःची होती.

सुबीर यांच्या आयुष्यावरून प्रेरणा घेऊन कौशिक गांगुली यांनी ‘अपूर पांचाली’ हा चित्रपट केला आणि २०१३मध्ये गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला. तो जरूर पाहा, फक्त त्यातला प्रत्येक प्रसंग चरित्र म्हणून घेऊ नका.