मालेविचच्या धारवाल्याच्या चित्रात माणूस आहे तरी कुठे?

रशियातल्या काझिमिर मालेविच या चित्रकाराचं 'चाकूंना धार लावणारा' बघितलं तर नुसते रंगीत तुकडे दिसतात, माणूस सापडतच नाही, असं तुम्ही विचारलंय. माणूस आहे. फक्त डोकं शोधत बसू नका, पायापासून सुरुवात करा.

खाली एक पाऊल दिसेल. चाक त्याच पायाने फिरतंय. पाऊल एकच, पण ते खाली-वर होताना जिथे जिथे गेलं तिथे तिथे मालेविचने ते पुन्हा काढलंय. हातांचंही तेच, त्यामुळे बोटं मोजू नका. पाऊल आणि हात सापडले की मधलं वाकलेलं अंग आपोआप जुळतं, मागच्या पायऱ्याही दिसायला लागतात.

चित्र १९१२-१३ मधलं. वस्तू फोडून अनेक बाजूंनी दाखवणारा पॅरिसचा क्युबिझम आणि वेगाने भारावलेला इटलीचा फ्युचरिझम, दोन्ही तोवर रशियात पोचले होते. त्याच सुमारास इटलीत बाल्ला या चित्रकाराने साखळीला बांधलेलं, तुरुतुरु चालणारं कुत्रं असंच ढीगभर पाय देऊन रंगवलं. ते बघून हसू येतं. धारवाल्याचं मात्र कामच मुळी तीच हालचाल दिवसभर करण्याचं, म्हणून इथे ही युक्ती नुसती युक्ती राहत नाही.

चित्राच्या नावाला 'चमचमाटाचं तत्त्व' अशी जोडही आहे. प्रत्येक तुकडा एका कडेला उजळ, दुसरीकडे काळपट होत जातो, वाकवलेल्या पत्र्यासारखा. माणूस, चाक, पातं, सगळं एकाच पत्र्याचं! यावरून 'यंत्राने माणूस गिळला' असा अर्थ काढतात, तो मला पटत नाही. हा काही गिरणीतला कामगार नव्हे. याने पाय थांबवला की चाक थांबलं. आपल्याकडे सायकल स्टँडवर चढवून पायडल मारत सुऱ्यांना धार लावणारे ज्यांनी बघितलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

अजून शंका असेल तर त्याच काळातला मालेविचचा 'लाकूडतोड्या' शेजारी ठेवून बघा. तोही असाच पत्र्याच्या नळ्यांचा, पण तिथे सगळं जागच्या जागी थिजलंय. तो अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात आहे, धारवाला अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलादालनात. दोन्हींचे फोटो नेटवर सहज मिळतात, पण धारवाला मोबाइलवर नका बघू, त्या आकारात पाऊल सापडणं कठीण.