नव्या .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरची नळी ‘एक झाडा, एक साफ करा’ करून रुळवावी लागते का?

तुम्ही विचारलंय: टेक्सासमध्ये हरणाच्या शिकारीसाठी नवं रुगर सुपर ब्लॅकहॉक घेतलं, दुकानदार म्हणतो पहिल्या ५० गोळ्यांत प्रत्येक गोळीनंतर नळी साफ करा. करावं का?

नका करू. हा रायफलवाल्यांचा रिवाज आहे आणि या रिव्हॉल्व्हरवर तो उलटा पडतो. फ्रेम मागून बंद असते. सिलिंडर (गोळ्या भरायचा फिरता भाग) काढला तरी सफाईची सळई मागून सरळ जात नाही, तोंडाकडूनच घालावी लागते. म्हणजे ५० वेळा क्राउनच्या, म्हणजे नळीच्या तोंडाच्या, कडेवर घासणं, आणि गोळी नळी सोडताना शेवटी शिवते ती हीच कड. ती एका बाजूने झिजली की वायू तिरका सुटतो, ग्रुप (निशाण्यावरचा गोळ्यांचा पुंजका) पसरतो. ‘पितळी ब्रशने पोलाद कुठे झिजतं?’ असं मला क्लबात वर्षानुवर्षं ऐकवणाऱ्यांना सांगतो, ब्रश नाही झिजवत, सळई झिजवते. तिला चिकटलेली काजळी आणि कचरा पॉलिश पेपरचं काम करतात. त्यापेक्षा ओढून साफ करायची लवचिक केबल वापरा. फ्रेममधल्या सिलिंडरच्या खिडकीतून फोर्सिंग कोनमध्ये (नळीच्या मागच्या नरसाळ्यासारख्या तोंडात) घाला आणि तोंडाकडे ओढा.

बघायची गोष्ट वेगळीच आहे. नळी फ्रेममध्ये आटे आवळून बसवतात. आवळणी जास्त झाली की त्याच जागी ती आतून एक-दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आक्रसते. शिशाची गोळी तिथे दाबली जाते आणि पुढच्या मोकळ्या भागात सैल पडते. मग वायू तिच्या कडेने पुढे निसटतो आणि शिसं वितळवून नळीला फासतो. तपासायला पिन-गेज, म्हणजे नेमक्या जाडीच्या मोजणीच्या पिना, घ्या. जो तोंडातून आपल्या वजनाने घसरतो पण फ्रेमपाशी अडतो, त्याने दोष दाखवला. गेज नसेल तर नळीला तेल लावून मऊ शिशाचा स्लग (गोळा) पितळी दांडीने तोंडाकडून ढकला. फ्रेमजवळ हाताला जोर लागलेला स्पष्ट कळतो. लाकडी दांडी नको, ती चिरून आतच पाचरीसारखी बसते.

सिलिंडरचे थ्रोटही, म्हणजे गोळ्यांच्या भोकांची पुढची तोंडं, बघा. .४३० इंचाची गोळी पुढून बोटाने हलकी दाबल्यावर सहाही भोकांतून सारखीच जायला हवी. एखाद्यात आपोआप पडली किंवा ठोकावी लागली, तर ते चेंबर (भोक) शिकारीला भरायचं नाही.

आक्रसलेल्या नळीवर इलाज फायर-लॅपिंग, म्हणजे घासणारी पेस्ट लावलेल्या मऊ शिशाच्या गोळ्या कमी दारूवर झाडणं. दर सहा गोळ्यांनी नळी साफ करून पुन्हा मोजायचं, अडथळा गेला की तिथेच थांबायचं, कारण गेलेलं पोलाद परत येत नाही. कमी दारूत गोळी नळीत अडकू शकते. प्रत्येक गोळी झाडल्यावर रिव्हॉल्व्हर रिकामं करून नळी आरपार दिसते ना बघा, मगच पुढची. स्वतः घरी काडतुसं तयार करत नसाल तर हे गनस्मिथकडे द्या.

हे सगळं शिशाच्या गोळीसाठी बरं का. तुम्ही कारखान्याची २४० ग्रेन वजनाच्या गोळीची जॅकेटवाली (शिशावर तांब्याचं कवच असलेली) काडतुसं वापरणार असाल तर एक-दोन थाऊने फारसं बिघडत नाही. कारखान्याचं तेल सॉल्व्हंटने धुवा, ५० गोळ्या झाडा, दर १२ गोळ्यांनी एकदा साफ करा, बास.

त्या ५० गोळ्यांत खरं लक्ष इजेक्टरच्या (रिकामी काडतुसं ढकलून काढणाऱ्या दांडीच्या) नळकांड्याच्या स्क्रूवर आणि सिलिंडर जिच्यावर फिरतो त्या बेस पिनवर ठेवा. मॅग्नमच्या धक्क्याने स्क्रू सैल होतो, पिन पुढे सरकते. स्क्रूला निळ्या लॉकटाइटचा (आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाचा) एक थेंब पुरतो, लाल लावू नका. आणि शिकारीच्या आदल्या दिवशी नळीतलं तेल कोरड्या चिंधीने पुसून दोन गोळ्या झाडून ठेवा. तेलकट नळीतली पहिली गोळी बाकीच्यांच्या जागी पडेलच असं नाही.