चाकं धरून मोजा

प्रश्न : ताई, पुढच्या महिन्यात मी आईला घेऊन दोन वेगवेगळ्या स्वस्त विमान कंपन्यांनी जाणार आहे. बॅग एकच, 55 सेंटीमीटर उंचीची, चाकांची. पहिल्या कंपनीत ती चालते. दुसरीच्या तिकिटावर मात्र ‘फक्त छोटी बॅग, 40 × 30 × 20’ असं आहे. थोडी मोठी असली तर सोडतात का? आणि बोर्डिंगच्या रांगेत आधी उभं राहावं की शेवटी? आईची इन्सुलिन सोबत असेल.

उत्तर : बारा वर्षं मी बोर्डिंग गेटवर उभी होते, म्हणून स्पष्ट सांगते. ‘सोडतील’ या आशेवर आईला घेऊन निघू नका. कधी सोडतात, कधी नाही, आणि ते तुमच्या हातात नसतं. थोडी मोठी म्हणता, पण 55 आणि 40 यांत चांगला पंधरा सेंटीमीटरचा फरक आहे.

‘केबिन बॅग’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी येतात, आणि बहुतेकांचा घोळ इथेच होतो. एक बॅग समोरच्या सीटखाली सरकवायची, दुसरी डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायची. युरोपातल्या विझ एअर या कंपनीच्या साध्या तिकिटात 40 × 30 × 20 ची, म्हणजे सीटखालचीच बॅग येते. तिथलीच इझीजेट 45 × 36 × 20 पर्यंत चालवते. इंडिगोत 55 × 35 × 25 ची चालते, पण वजन 7 किलोच्या आत हवं. आकडे बदलत राहतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात आपल्या तिकिटावरचे पुन्हा वाचा. दोन कंपन्यांची वेगळी तिकिटं असली, की जिची मर्यादा लहान तिच्या मापाने बॅग भरायची.

आता मोजायचं कसं? दुकानातल्या चिठ्ठीवर 55 लिहिलेलं असतं ते पुष्कळदा नुसत्या खोक्याचं माप असतं. गेटवर बॅग घालून पाहतात त्या लोखंडी चौकटीला ते कळत नाही. बॅग पूर्ण भरा, जमिनीवर उभी करा आणि फरशीपासून वरच्या मुठीपर्यंत टेप लावा. चाकंही मापात धरून. चौकटीत बॅग अडकते ती बहुतेक वेळा चाकाशी किंवा पुढच्या फुगलेल्या खिशाशी. त्या खिशातली शाल काढून खांद्यावर घेतली आणि बॅग अलगद आत गेली, हे मी कितीदा पाहिलंय. कडक बॅगेला असं दबता येत नाही. शिवाय चाकांची रिकामी बॅगच अडीच-तीन किलो भरते. 7 किलोत मग कपड्यांना उरतं काय? तुम्हा दोघींसाठी दोन मऊ सॅक घ्या, असंच मी म्हणेन.

इन्सुलिनबद्दल मात्र नीट ऐका. विमान भरलेलं असलं की वरचे कप्पे आधी संपतात, आणि मग नियमात बसणारी बॅगसुद्धा गेटवर चिठ्ठी लावून खाली सामानात पाठवतात. एकदा एका आजींची बॅग अशी गेली. त्या विमानाच्या दारापर्यंत पोचल्या आणि थांबल्या. औषधं त्याच बॅगेत होती. मी धावत खाली गेले, ट्रॉलीवरून बॅग शोधून काढली. तेव्हा वेळ होता म्हणून जमलं. सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठू शकते आणि गोठलेली वापरायची नसते. म्हणून औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी, पासपोर्ट, चष्मा आणि पॉवर बँक एका छोट्या पिशवीत, बॅगेच्या अगदी वर ठेवा. बॅग मागितली की पिशवी उचलायची आणि बॅग द्यायची. पॉवर बँक तर खाली पाठवायचीच नसते. लिथियमने पेट घेतला तर केबिनमध्ये तो निदान दिसतो, विझवता येतो. मर्यादा साधारण 100 वॅट-तासांची असते. 20,000 एमएएचची नेहमीची पॉवर बँक 74 च्या आसपास भरते, तेव्हा काळजी नको.

राहिली रांग. जेसन स्टेफन या खगोलभौतिकशास्त्रज्ञाने 2008 मध्ये बोर्डिंगचं गणित मांडलं. खरा वेळ जातो तो विमानातल्या मधल्या वाटेत उभं राहून बॅगा वर चढवण्यात, आणि मागच्या ओळी आधी सोडल्या तरी तो फारसा वाचत नाही. एका ओळीत चौघं बॅग उचलत असतील तर बाकीचे ताटकळणारच. वरच्या कप्प्यात बॅग ठेवायची असेल तर आपला गट पुकारला की लगेच उठा. सीटखालची सॅक असेल तर घाई कशाला? आईला बसू द्या, रांग ओसरली की जा. चालायला त्रास असेल तर गेटवर आधीच सांगा, अशांना बहुधा पहिल्यांदा सोडतात. फक्त बोर्डिंग पासवर गेट बंद व्हायची वेळ छापलेली असते ती पाहून ठेवा. ती विमान सुटायच्या वेळेच्या बरीच आधीची असते.