बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं, आणि पेडल काही थांबत नाही

प्रश्न : दादा, मी पणजीत मळ्याला राहते. उंची ५ फूट २ इंच. जानेवारीत एक जुनी फिक्स्ड गिअर सायकल (फिक्सी) घेतली, म्हणजे मागचं चाक फिरेल तोवर पेडलही फिरतंच. चाकं ७०० सी, टायर २८ चे, क्रँक (पेडलचा दांडा) १७० मिलिमीटर, गिअर ४६-१६ (पुढे ४६ दाते, मागे १६). रोज रायबंदरला कामाला जाते, कधी त्रास झाला नाही. पाऊस लागला म्हणून मडगार्ड बसवले, आणि तिसऱ्याच दिवशी आमच्या गल्लीत उजवीकडे यू-टर्न घेताना डावा बूट पुढच्या मडगार्डात अडकून मी पडले. कोपर सोलवटलं. जिथून मडगार्ड घेतले ते म्हणतात, फ्रेमच चुकीची आहे, चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) बदला. मी मोजलं, बीबीच्या (क्रँक जिथे फिरतात त्या आसाच्या) मध्यापासून पुढच्या ॲक्सलपर्यंत ५७५ मिलिमीटर भरतं. सायकल विकून टाकू का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : ताई, सायकल विकू नका आणि चिमटाही बदलू नका. पुढचा मडगार्ड मात्र आज संध्याकाळीच काढून ठेवा.

तुमची फ्रेम चुकीची नाही, लहान आहे. फ्रेम लहान केली तरी ७०० सीचं चाक काही लहान होत नाही, रिमचा व्यास तोच ६२२ मिलिमीटर राहतो. २८ चा टायर धरून त्रिज्या झाली ३३९. तुमच्या ५७५ मधून ३३९ गेले, उरले २३६. त्यातले १७० क्रँकने घेतले. म्हणजे चाक सरळ असताना पेडलच्या मध्यापासून टायरपर्यंत ६६ मिलिमीटर. हँडल वळवल्यावर चाक तिरकं होऊन आणखी दोनेक सेंटिमीटर सुटतात, म्हणजे धरा ८५. आता तुमच्या चवड्यापासून बुटाच्या टोकापर्यंत पट्टी लावून बघा, नव्वदच्या खाली क्वचितच भरेल. अमेरिकेच्या नियमात पायाला क्लिप किंवा पट्टा नसलेल्या सायकलीला पेडल आणि टायरमधली ही जागा किमान ८९ मिलिमीटर लागते. तुम्ही अगदी काठावर होता, आणि मडगार्डने आणखी सेंटिमीटरभर खाल्लं.

रायबंदरच्या बांधावर हे कधी जाणवलं नाही, कारण वेगात आपण सायकल कलवून वळतो, हँडल जेमतेम काही अंश फिरतं. बूट लागतो तो चालण्याच्या गतीत. साध्या सायकलीवर अशा वेळी पेडल मारणं थांबवलं की काम झालं. तुमच्या सायकलीला फ्री-व्हील नाही, चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच.

लागतो तो नेहमी वळणाच्या बाहेरचा पाय. हँडल उजवीकडे गेलं की चाकाची पुढची बाजू उजवीकडे जाते आणि मागची डावीकडे सरकते. आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो, त्यामुळे यू-टर्न उजवीकडेच आणि मार डाव्या बुटालाच. ४६-१६ ला पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण सहा मीटर जाते. चार मीटरच्या गल्लीत अर्धा गोल घेतलात तर तो सव्वासहा मीटरचा होतो. म्हणजे त्या एका वळणात तुमचा डावा पाय एकदा पुढे येणारच, तो चुकवता येत नाही. कधी येऊ द्यायचा, तेवढंच आपल्या हातात.

कांपालच्या मैदानावर सकाळी जा. पुढच्या टायरच्या कडेला खडू घासा आणि हळू वळा. बुटावर खडू कुठे उमटला ते उतरून बघा, अंगठ्याच्या आतल्या बाजूला सापडेल. मग डावा पाय पुढून खाली निघाला की वळायला लागा. तो वर येऊन पुढे सरकू लागला की हँडल क्षणभर सैल सोडून चाक सरळ होऊ द्या, पाय गेला की पुन्हा वळवा. आठवड्याभरात पाय स्वतःच मोजू लागतो. गल्लीत मात्र हँडल सैल सोडायला जागाच नाही. तिथे उतरून सायकल वळवा. बावीस वर्षं फोंड्यात सायकली दुरुस्त करतोय, अरुंद गल्लीत मीही उतरतो.

आता मडगार्ड. बूट नुसता टायरला लागला तर घासून सुटतो. मडगार्डला लागला तर पत्रा दुमडून टायर आणि चिमट्याच्या मध्ये शिरतो आणि चाक जागच्या जागी आवळतं. २०१६ च्या पावसात रायबंदरहून चोडणला जाताना फेरीबोटीच्या ओल्या पत्र्यावर मी सायकल वळवत होतो. बूट लागला, मडगार्डची सळई वाकून आत गेली आणि मी हँडलवरून पुढे एका स्कूटरच्या फूटबोर्डवर आपटलो. मनगट दीड महिना प्लास्टरमध्ये होतं. तेव्हापासून लहान फ्रेमच्या फिक्सीला पुढे पूर्ण मडगार्ड मी बसवून देत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी. खालच्या दांड्याला पंजाएवढ्या रुंदीची प्लास्टिकची पट्टी झिप-टायने बांधा. तेलाच्या पाच लिटरच्या कॅनचा तुकडा चालतो. ती हँडलबरोबर फिरत नाही आणि चिखलाचं पाणी पायांवर येऊ देत नाही. मागचा मडगार्ड राहू द्या.

जमेल तेव्हा क्रँक १६५ चा घ्या. पाच मिलिमीटर तिथे मिळतील, सीट तेवढीच वर करा. पाय पेडलवर जरा मागे ठेवलात तर आणखी सात-आठ. टायर २५ चा केल्यास तीनेक मिळतील, पण पावसात मी २८ च ठेवेन.

सायकल जुनी घेतलीय, म्हणून एवढं तपासा : बाजूने बघितल्यावर चिमट्याच्या दांड्या हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या, फ्रेमच्या पुढच्या नळीच्या) रेषेतच खाली यायला हव्यात आणि मग पुढे वळायला हव्यात. त्या मागे गेलेल्या दिसल्या, किंवा हेड ट्यूबच्या खालच्या सांध्याजवळ रंगाला सुरकुत्या असल्या, तर सायकल कुठेतरी समोरून धडकलेली आहे. तसं असेल तर चालवू नका, माझ्याकडे घेऊन या.

प्रश्न : सिग्नलला पाय न टेकवता उभं राहायला शिकतोय. दर वेळी बूट टायरला लागून तोल जातो.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : तुम्ही चाक उलट्या बाजूला वळवताय. डावा पाय पुढे असेल तर चाक डावीकडे वळवा, उजवा असेल तर उजवीकडे. मग चाकाची मागची बाजू पुढच्या पायापासून दूर जाते. आधी किंचित चढावर करा, म्हणजे मागे यायला पेडल फक्त सैल सोडावं लागेल.