मला प्रोग्रामिंग येत नाही, मग नऊ वर्षांच्या मुलीला कसं शिकवू?

मुलगी "मला गेम बनवायचाय" म्हणून मागे लागलीये आणि क्लास लावावा का, असं तुम्ही विचारलंय. मी तरी आत्ताच लावणार नाही. स्क्रॅचपासून सुरुवात करा. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधून २००७ साली आलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, ८ ते १६ वयाच्या मुलांसाठी आहे, आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवायही चालतं. कोड टाइप करायचा नाही, रंगीत ठोकळे माउसने ओढून एकमेकांना जोडायचे. फोनपेक्षा कॉम्प्युटरच बरा.

तुम्हाला प्रोग्रामिंग येत नाही, याची अजिबात काळजी करू नका. माझं पोट त्याच्यावर चालतं, आणि सुरुवातीचे दोन रविवार मी मुलाच्या हातातला माउस घेऊन चुका स्वतःच दुरुस्त करत बसलो. तिसऱ्या रविवारी तो बसायलाच तयार नव्हता. तेव्हापासून माउसला हात लावत नाही, नुसतं विचारतो.

त्याने मांजर-उंदराचा गेम केला होता. मांजर उंदराला शिवलं की एक गुण. पण गुण मिळेचना. "बाबा, कॉम्प्युटर चुकतोय!" मी विचारलं, "मांजर उंदराला शिवलंय का, हे तो कधी बघतो?" त्याने ठोकळ्यांवरून बोट फिरवलं. गेम सुरू करायचा हिरवा झेंडा दाबला की एकदाच बघत होता. मी म्हटलं, "आजी दूध गॅसवर ठेवते, तेव्हा एकदाच बघून निघून जाते का?" "नाही, बघतच राहते!" आणि तो ठोकळा त्याने स्वतः 'सतत करत राहा' या ठोकळ्याच्या पोटात नेऊन बसवला.

आता गुण मिळाले, पण धो धो. एकदा शिवलं की वीस-पंचवीस! कारण कॉम्प्युटर सेकंदाला तीसदा बघतो आणि मांजर उंदरावरच बसलेलं असतं. यावर तो दोन दिवस अडला होता. मला सांगावंसं फार वाटलं, पण गप्प राहिलो. शेवटी शाळेतून आल्या आल्या, दप्तरही न काढता म्हणाला, "शिवल्यावर उंदीर पळाला पाहिजे ना!"

पायथॉनची, म्हणजे कोड टाइप करून लिहायच्या भाषेची, घाई नको. ठोकळे अपुरे पडताहेत असं ती स्वतः म्हणेल तेव्हा बघू. आणि फाइल सेव्ह करायला मात्र पहिल्याच दिवशी शिकवा. इंटरनेटशिवाय चालणाऱ्या स्क्रॅचमध्ये ती आपोआप सेव्ह होत नाही, आणि तासाभराची मेहनत गेली की लहान मूल फार रडतं.